वहीतला दुसरा रकाना

सहा वर्षे माझ्याकडे गाणे शिकत असलेली एक मुलगी गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आली, ती तंबोऱ्याची गवसणी न काढताच समोर बसली, आणि पिशवीतून एक पातळसे पुस्तक व एक वही काढून म्हणाली, "गुरुजी, आज गाणं राहू द्या. इतक्या बंदिशी तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतल्यात, तसे हे शब्द पाठ करून घ्या." पुस्तक रशियन शब्दांचे होते. पहिलाच पाठ शाळेचा होता: शाळा, शिक्षक, विद्यार्थी, वही, फळा, धडा, सुट्टी.

मुलगी उज्जैनीतल्या एका जुन्या मराठी घरातली. वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेत ती उत्तीर्ण झाली. पण सरकारी महाविद्यालयात जागा मिळण्याइतके गुण पडले नाहीत, आणि खाजगी महाविद्यालयाची फी घरच्यांच्या आवाक्यापलीकडची. तेव्हा व्होल्गा नदीकाठच्या एका शहरी सहा वर्षांसाठी जायचे ठरले. अशी मुले आता आपल्या ओळखीच्या घरांतून पुष्कळ निघू लागली आहेत. २०२२ साली युक्रेनमधून आपल्या विद्यार्थ्यांना कसे परत आणावे लागले ते सर्वांनी पाहिले आहे. त्यामुळे घरात कर्जाची चिंता आणि युद्धाची धास्ती, दोन्ही. मुलीच्या डोक्यात मात्र एकच विचार होता, की सप्टेंबरात वर्गात जाऊन बसल्यावर आपल्याला कळणार काय?

शिक्षण इंग्रजीतून मिळणार, मग रशियन हवी कशाला, असे मलाही प्रथम वाटले. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातला असा अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, आणि बारा महिन्यांची उमेदवारीही त्याच संस्थेत करावी लागते. म्हणजे वर्गात इंग्रजी खरी. पण रुग्णालयाच्या खाटेवरची म्हातारी काही इंग्रजीत कण्हणार नाही. तिचे दुखणे समजून घ्यायचे तर तिची भाषा हवी. आणि रुग्णाच्या आधी वसतिगृहाचा रखवालदार, ग्रंथालयातली बाई आणि कचेरीतला कारकून यांच्याशी गाठ पडणार. परक्या देशी जाणारा आपला मुलगा पुढे डॉक्टर होवो की इंजिनिअर, तिथे पाऊल ठेवतो तो विद्यार्थी म्हणून. म्हणून शाळेच्या शब्दांपासून सुरुवात करणे मला योग्यच वाटले, आणि मीही तिच्याबरोबर शिकायला बसलो. शिकता शिकता जे ध्यानात आले, ते आपल्यासारख्या घरांच्या कानावर घालावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या पुस्तकाविषयी. परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या कोणा मध्यस्थाने ते वाटले होते. तीस दिवसांत रशियन बोलता येईल, असे मुखपृष्ठावर आश्वासन होते. आमच्या उज्जैनीत सांदीपनींच्या आश्रमात चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकून गेलेला एक विद्यार्थी होऊन गेला, पण तसा तो एकच! इतरांनी त्या हिशेबावर भरवसा ठेवू नये. पुस्तकातला खरा दोष मात्र वेगळाच होता. रशियन शब्दांची अक्षरे जशी दिसतात तशी त्यात देवनागरीत उतरवली होती. फळ्याला रशियनमध्ये लिहितात 'दोस्का', पण म्हणतात 'दस्का'. 'चांगले' या अर्थाचा शब्द लिहितात 'खोरोशो', पण बोलतात 'खरशो'. आघात ज्या अक्षरावर नसेल, तेथला 'ओ' हा 'अ' होऊन जातो, हा त्या भाषेचा नियम. आणि आघात कोणत्या अक्षरावर हे नेहमीच्या छापील अक्षरांवरून कळत नाही. एकच शब्द 'झामक' म्हटला तर गढी, आणि 'झमोक' म्हटला तर कुलूप. कागदावर दोन्ही सारखेच.

गाणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये. समेची जागा चुकली तर बंदिशीचे बोल तेच राहतात आणि बंदिश मात्र नाहीशी होते. माझे वडील संस्थाने विलीन होण्यापूर्वीच्या अखेरच्या वर्षांत, अगदी तरुणपणी, दरबारात गात असत. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, पण दरबारी शिस्तीची तालीम मात्र चुकली नाही. ते बंदिश आधी वीस वेळा ऐकवीत, मग म्हणायला लावीत, आणि ती गळ्यावर चढल्यावरच वहीत लिहू देत. पंडित भातखंड्यांच्या स्वरलिपीबद्दल त्यांना आदर होता. भातखंड्यांनी हजारो चिजा लिहून ठेवल्या नसत्या तर त्यातल्या कितीतरी आज आपल्याला मिळाल्याच नसत्या. पण भातखंड्यांनीही त्या प्रथम गवयांच्या समोर बसून कानांनी घेतल्या होत्या, हे वडील आठवणीने सांगत. लिहिलेले हे स्मरणासाठी, शिकणे कानाने, असा त्यांचा दंडक होता. मीही तोच लावला. पुस्तक मिटवले, आणि भ्रमणध्वनीवर रशियन माणसांच्या तोंडून एकेक शब्द ऐकून तिने तो माझ्यामागून म्हणायचा, असे सुरू केले. वेदशाळेत याला संथा म्हणतात. रशियनांतही एक म्हण आहे, की उजळणी ही शिक्षणाची आई. आणि त्या म्हणीत आईसाठी जो 'मात्' शब्द येतो, तो आपल्या 'माता'चाच भाऊबंद आहे.

हे भाऊबंद पुढे पावलोपावली भेटू लागले. रशियन शाळांत गुण पाचपैकी देतात. पाच मिळाले तर 'पित्योर्का', दोन मिळाले तर 'द्वोयका'. पहिल्यात आपला पंच आहे, दुसऱ्यात द्वि. द्वोयका म्हणजे नापास. फ्योदर रेशेत्निकव या चित्रकाराचे 'पुन्हा द्वोयका' नावाचे १९५२ सालचे चित्र तिकडे घरोघर माहीत आहे. नापास होऊन आलेला मुलगा खाली मान घालून दारात उभा, घरची माणसे त्याच्याकडे पाहताहेत, आणि कुत्रे तेवढे आनंदाने त्याच्या अंगावर झेपावते आहे. माझ्या शिष्येला द्वोयका हा शब्द पुन्हा पाठ करावा लागला नाही. ज्ञान या अर्थाचा शब्द 'झ्नानिये'; त्यात आपला 'ज्ञा' आहे. १९८४ पासून १ सप्टेंबर हा तिकडे ज्ञानदिन म्हणून पाळतात. त्या दिवशी शाळा उघडतात आणि मुले शिक्षकांसाठी फुले घेऊन जातात. वसतिगृहाला 'अप्शिझीतिये' असा तोंड वेडेवाकडे करणारा शब्द आहे, पण त्याची फोड केली की 'एकत्र जगणे' असा अर्थ निघतो, आणि त्यातला जगण्याचा धातू आपल्या 'जीव'चा सख्खा नातलग निघतो.

सर्वांत मौज वाटली ती शिकण्याच्या मूळ शब्दाची. शिकवणे म्हणजे 'उचीत', शिकणे म्हणजे 'उचीत्सा', शिक्षक तो 'उचीतेल', विद्यार्थी तो 'उचिनीक'. एका धातूतून सारे कुटुंब. भाषापंडित सांगतात की हा धातू संस्कृतातल्या 'उच्' या धातूच्या नात्यातला आहे. 'उच्' म्हणजे सवय होणे, रुळणे, आवडू लागणे. त्यावरूनच आपला 'उचित' हा शब्द झाला. जे अंगवळणी पडले, ते उचित. आणि आपला 'शिकणे' हा शब्द? तो 'शिक्ष्' धातूवरून आला, आणि 'शिक्ष्' हे मूळ 'शक्' धातूचे इच्छादर्शक रूप आहे. समर्थ होण्याची इच्छा म्हणजे शिक्षा. म्हणजे शिक्षणाचे एक अंग आपण नावात धरून ठेवले, आणि दुसरे त्यांनी. वीस वर्षे शिकवण्या केल्यावर मी सांगू शकतो की ही दोन्ही अंगे एका विद्यार्थ्यात क्वचितच भेटतात. इच्छेने पेटलेली मुले येतात आणि रियाजाचा कंटाळा येऊन जातात. नेमाने रियाज करणारी येतात, आणि त्यांना काय हवे आहे तेच ठाऊक नसते. या मुलीत इच्छा होती. सवयीची कामगिरी माझ्याकडे आली.

आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची वाटेल अशी. रशियन विद्यार्थी शिक्षकाला नुसत्या नावाने किंवा आडनावाने हाक मारीत नाही. स्वतःचे नाव आणि त्यापुढे वडिलांच्या नावावरून झालेले नाव, अशी जोडी उच्चारतो. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, हा क्रम आपल्या विष्णु नारायण भातखंडे, विष्णु दिगंबर पलुसकर यांच्यासारखाच. उत्तरेकडे आपले हिंदीभाषक शेजारी मधे वडिलांचे नाव सहसा घालीत नाहीत. फॉर्म भरताना आपल्याला नेहमी त्याचा खुलासा करावा लागतो. तिकडे तो करावा लागणार नाही. संगीताच्या शाळांतही ओळखीची खूण सापडते. तिकडे एखाद्या वादकाचा परिचय देताना तो अमक्या गुरूच्या 'क्लास'मधला, असे सांगतात. मॉस्कोच्या संगीतविद्यालयात हाइनरिख नॉयहाउस शिकवीत. स्व्यातोस्लाव रिख्तर आणि एमिल गिलेल्स हे थोर पियानोवादक त्यांच्या क्लासमधले. आपण याला घराणे म्हणू.

येथवर सारा आनंदच होता. पण एके दिवशी मी तिची वही चाळली. तिने वहीत दोन रकाने आखले होते. पहिल्यात रशियन शब्द, दुसऱ्यात अर्थ. पहिल्या रकान्यातल्या चुका आम्ही दुरुस्त करीत आलो होतो. दुसरा मी नीट पाहिलाच नव्हता. तित्राद: कॉपी. दस्का: ब्लॅकबोर्ड. उरोक: लेसन. कनीकुली: छुट्टियाँ. उचिनीक: स्टुडंट. पानभर खाली उतरलो, मराठी शब्द एकही सापडला नाही. मुलगी मराठी, मी मराठी, आमचे बोलणे मराठीत. आणि अर्थाच्या रकान्यात मराठी नाही. मी विचारले, "अगं, वही, फळा, धडा, सुट्टी हे शब्द तुला ठाऊक नाहीत का?" ती म्हणाली, "कळतात हो गुरुजी, पण पटकन आठवत नाहीत."

मी तिला दोष दिला नाही. शाळा हिंदीची, मग इंग्रजीची. वही कुठेच भेटली नाही, कॉपीच भेटली. माझ्या स्वतःच्या घरात काय वेगळे आहे? माझी मुलेही 'छुट्टी' म्हणतात, आणि मी ती दुरुस्त करीत नाही. आपल्या घरांतली मराठी आता स्वयंपाकघर आणि देवघर यांपुरती उरली आहे. पोळी, वरण, नैवेद्य, हळदीकुंकू एवढे शब्द शाबूत; पण शाळेचे, कचेरीचे, विचार करण्याचे शब्द कधी निघून गेले ते कोणाला कळलेही नाही.

तरीही मला ही केवळ हळहळ वाटली असती आणि मी गप्प बसलो असतो. पण दोनच दिवसांनी व्याकरणाचा पाठ आला, आणि हळहळीचा प्रश्न व्यवहाराचा झाला. 'माझा' या अर्थी रशियनमध्ये तीन रूपे आहेत: मोय, मया, मयो. ती मुलगी वैतागून म्हणाली, "गुरुजी, हे तिसरं कशाला? मेरा आणि मेरी झालं की!" मी म्हटले, "मराठीत काय म्हणतेस?" ती म्हणाली, "माझा, माझी..." आणि थांबली. माझ्या मांडीवर पुस्तक होते. मी ते उचलून विचारले, "हे कोणाचे?" ती चटकन म्हणाली, "माझी पुस्तक."

वाचकांपैकी अनेकांनी आपल्या नातवंडांच्या तोंडून हे ऐकले असेल. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, म्हणून मराठीतही 'माझी पुस्तक'. हिंदीत लिंगे दोनच. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना बहुधा लिंगच नाही. मराठीत तीन आहेत, आणि रशियनमध्येही तीन. ओन, अना, अनो म्हणजे तो, ती, ते. मोय उचीतेल: माझा शिक्षक. मया श्कोला: माझी शाळा. मयो अप्शिझीतिये: माझे वसतिगृह. भूतकाळातले क्रियापदही, आपल्या 'तो आला, ती आली, ते आले' यासारखे, लिंगाप्रमाणे बदलते. 'ही माझी शाळा' असे आपण 'आहे'वाचून म्हणू शकतो, तसे तेही म्हणतात. नामांना प्रत्यय लागून शिक्षकाला, शिक्षकाने अशी रूपे व्हावीत, तशी तिकडे सहा विभक्तींची रूपे होतात. प्रत्येक शब्दाचे लिंग जुळते असे मात्र कोणी समजू नये. आपले पुस्तक नपुंसकलिंगी, तर त्यांची 'क्नीगा' स्त्रीलिंगी. पण जगात नपुंसकलिंग नावाचे काही असते, आणि तोंडातून ते आपोआप यावे लागते, हे ज्याच्या कानाला लहानपणापासून ठाऊक, त्याची अर्धी वाट चालून झालेली असते. ही वाट त्या मुलीला तिच्या पणजोबांनी फुकट दिली होती, आणि ती आमच्या सर्वांच्या डोळ्यांदेखत बुजली होती.

मी तिला सांगितले, की दुसरा रकाना खोडून पुन्हा लिही, मराठीत. अडेल तेथे आजीला विचार. आजी पंचाऐंशीच्या घरातल्या. माहेर बडोद्याचे, शिक्षण तेथल्या मराठी शाळेतले. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या राज्यातल्या त्या. मुलगी वही घेऊन आजींकडे गेली, आणि पुढचे आठ दिवस त्या घरात वेगळेच वातावरण होते. एकेका रशियन शब्दाला आजी दोन-दोन मराठी शब्द देत. फळा सांगितला की पाटी यायची, पाटीमागून पेन्सिल, मग बोरू, टाक, दौत. हजेरी, इयत्ता, पाढे, उजळणी, मधली सुट्टी, पंतोजी. 'करंदाश' म्हणजे पेन्सिल, आणि तो मूळ तुर्की शब्द 'काळा दगड' या अर्थाचा, असे मुलीने सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "मग ती आमची पाटीच की!" मला निरोप आला, "मास्तर, पोरगी इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यापाशी तासभर बसली. रशियाचे उपकार झाले."

कोणी म्हणेल, हा सारा जुन्याचा हव्यास. जेथे पोट, तेथली भाषा. मराठी शब्दांनी व्होल्गाकाठचा रोगी बरा होणार नाही. हे म्हणणे टाकाऊ नाही, आणि त्याचे उत्तर अभिमानाच्या भाषणाने देता येणार नाही. आपली घराणी शिंद्यांच्या लष्कराबरोबर माळव्यात आली. उज्जैन हे शिंद्यांचे मुख्य ठाणे होते; दौलतरावांनी १८१० च्या सुमारास ते ग्वाल्हेरीस नेले. तेव्हापासून हिंदी ही आपल्या अंगणातली भाषा आहे, परकी नव्हे. मी ज्या ख्यालाच्या बंदिशी शिकवतो त्यातल्या बहुतेक ब्रजभाषेत आहेत, आणि माझ्या धंद्याचे शब्द, तालीम, रियाज, उस्ताद, शागीर्द, हे सारे अरबी-फारसीतून आलेले आहेत. शब्दांचा सोवळेपणा मला परवडणारा नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की नवा शब्द कशावर तरी टेकवावा लागतो. तो परीक्षेपुरत्या शिकलेल्या इंग्रजी शब्दावर टेकवला तर परीक्षा संपताच दोन्ही घसरतात. जो शब्द आईच्या, आजीच्या तोंडून आला, ज्याला वास आहे आणि आठवण आहे, त्यावर टेकवला तर तो ठरतो. आठ दिवसांत दुसरा रकाना बदलला, आणि पहिल्या रकान्यातले शब्द तिच्या तोंडी बसू लागले, हे मी प्रत्यक्ष पाहिले. एका मुलीच्या अनुभवावरून सिद्धांत मांडू नये हे मलाही कळते; पण रागाची जागा षड्जावाचून कळत नाही, हा अनुभव काही एकट्याचा नाही.

आणि आपल्या पूर्वजांना हे कळत होते. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या काळात राज्यव्यवहारकोश करवला, तो कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. आणि तोही श्लोकबद्ध, म्हणजे पाठ करता यावा असा. बडोद्यात सयाजीरावांच्या आज्ञेने राज्यकारभाराच्या शब्दांचा 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' १९३१ साली निघाला, त्यात आठ भाषांचे रकाने शेजारी शेजारी मांडले आहेत, आणि त्यात मराठीचा रकाना आहे. संस्थानांविषयी आज कोणाचे काहीही मत असो, आपल्या भाषेचा रकाना रिकामा ठेवायचा नाही एवढे भान तेथे होते.

शिकण्याचा हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालू शकतो, याचे एक उदाहरण मला आमच्या धंद्यातले म्हणून फार प्रिय आहे. गेरासिम स्तेपानोविच लेबेदेव हा रशियन व्हायोलिनवादक १७८५ साली मद्रासेस उतरला आणि १७८७ साली कलकत्त्यास गेला. तेथे त्याला भाषा शिकायच्या होत्या. गोलोकनाथ दास नावाचे एक शाळामास्तर भेटले. त्यांनी लेबेदेवला भाषा शिकवाव्या, आणि लेबेदेवने त्यांना व्हायोलिन व पाश्चात्त्य संगीत शिकवावे, असा सौदा ठरला. त्या सौद्यातून २७ नोव्हेंबर १७९५ रोजी लेबेदेवने कलकत्त्यात बंगाली नटनटींकडून बंगाली नाटक करून दाखवले, आणि पुढे १८०१ साली लंडनमध्ये हिंदुस्थानी भाषेचे व्याकरण छापले. गवयाने भाषा घ्यावी आणि मास्तराने गाणे घ्यावे, यात दोघांपैकी कोणी आपले सोडले नाही. गोलोकनाथांजवळ स्वतःची बंगाली भक्कम नसती, तर ते लेबेदेवला काय देणार होते?

आपल्याकडचे उदाहरण अण्णा भाऊ साठ्यांचे. शाळेत दीड दिवस गेलेला हा माणूस. पण मराठी त्यांच्या जिभेवर अशी होती की त्यांचे साहित्य रशियनमध्ये गेले, १९६१ साली ते स्वतः तो देश पाहून आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. २०२२ साली मॉस्कोच्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. आपली मुले पंधरा-सोळा वर्षे शाळेत जातात, पण 'शाळा' हा शब्दच त्यांच्या तोंडून निसटतो. तिकडे इरिना ग्लुश्कोवा यांच्यासारख्या विदुषी मॉस्कोत राहून मराठी शिकल्या आणि पंढरपूरच्या वारीवर अभ्यास करीत आल्या. आपल्या मुलीला उद्या तेथे कोणी मराठीविषयी चार प्रश्न विचारले, तर तिने काय सांगावे?

म्हणून माझी विनंती आहे. ज्या घरातून मूल परदेशी शिकायला जात असेल, त्या घराने त्याला तेथली भाषा मन लावून शिकू द्यावी. 'इंग्रजीत भागेल' या भरवशावर पाठवू नये. ती पुस्तकातून डोळ्यांनी शिकू नये, कानांनी शिकावी. आणि वहीतला दुसरा रकाना मराठीत भरावा. त्यासाठी वर्ग नको, फी नको. बहुतेक घरांत अजून एखादी आजी किंवा आजोबा आहेत, त्यांना विचारावे. ही माणसे आणखी किती वर्षे पुरतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. आपली महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सव थाटाने करतात; त्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ शाळेच्या शब्दांसाठी काढली तर आरत्यांना काही कमी पडणार नाही. माझ्या घरी मी 'छुट्टी' दुरुस्त करायला सुरुवात केली आहे. मुले हसतात, हसू देत.

मुलगी ऑगस्टच्या अखेरीस गेली. तंबोरा येथेच राहिला. सुरासाठी भ्रमणध्वनीतला तंबोरा आहे, तो लावून रोज अर्धा तास बसेन असे तिने वचन दिले आहे, आणि ते ती कितपत पाळील याविषयी मी साशंक आहे. पण मागच्या महिन्यात तिने वहीच्या एका पानाचे छायाचित्र पाठवले. पहिल्या रकान्यात नवा शब्द होता, 'झच्योत्का'. तिकडे विद्यार्थ्याजवळ परंपरेने एक लहानसे पुस्तक असते, त्यात परीक्षेचा निकाल शिक्षक सहीनिशी लिहितात, त्याचे हे नाव. दुसरा रकाना कोरा होता, आणि खाली लिहिले होते, "आजीला विचारून कळवा." मी त्यांच्या घरी गेलो. आजींनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "प्रगतिपुस्तक."

ते मी तिला कळवले. सोबत एवढेच लिहिले की हा शब्द नपुंसकलिंगी आहे.